तळ्यातल्या बदकांची बातमी

१

"वाचा," अध्यक्षसाहेब म्हणाले. फाइलीला जोडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मी समोर धरलं आणि मोठ्याने वाचायला लागलो.

"'तळ्यावर यंदा बदकांची संख्या दीडपट. पक्षिमित्रांची गणना पूर्ण.'" आणि मी थांबलो, कारण तक्रार बदकांची नव्हती.

मी तेव्हा वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळात लघुलेखक होतो. मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. तक्रार होती लांबच्या एका गावातल्या दवाखान्याच्या सिस्टरची. तीन महिन्यांपूर्वी एका मोठ्या दैनिकात तिसऱ्या पानावर बातमी आली होती, की त्यांनी चुकीचं इंजेक्शन दिलं आणि तान्हं बाळ दगावलं. नाव छापलं होतं, फोटो छापला होता. सिस्टरचं म्हणणं, त्या दिवशी मी रजेवर होते. हे सगळं त्यांच्या अर्जात होतं. अर्जासोबतच्या रेघी कागदावर मात्र, जिथे त्यांचा फोटो असायला हवा तिथे, पाच बदकं पोहत होती.

बदकांच्या खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'हीच ती बातमी. फोटोतली बाई मी आहे.'

सदस्यांपैकी कोणीतरी फसकन हसलं. त्या दैनिकाचे संपादक हसले नाहीत. ते स्वतः मंडळाचे सदस्य. आज तक्रार त्यांच्याच पेपरवर, म्हणून नियमाप्रमाणे ते सदस्यांच्या रांगेतून उठून समोरच्या बाकावर बसले होते. म्हणजे त्यांनी फक्त खुर्ची बदलली होती. त्यांनी शांतपणे पिशवीतून त्या तारखेचा अंक काढला. पान तीन, बदकं. मग मंडळाच्या दप्तरातला अंक आणवला. पान तीन, तीच बदकं.

सिस्टर पुढे आल्या. चाळिशीच्या, इस्त्रीच्या साडीतल्या, हात स्वच्छ आणि नखं बारीक कापलेली. त्यांनी कागद खिडकीकडे धरला. बाहेर सकाळपासून धुकं काचेला चिकटून होतं.

"हे अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "पण साहेब, बदकांखाली मी असं कशाला लिहीन?"

२

फाइलीत फेरफार झाल्याची शंका आली तर तपास करायचाच, असा आमचा नियम होता. साहेबांनी पाच वाजेपर्यंतची मुदत दिली आणि तपास भिंगबाईंकडे सोपवला.

भिंगबाई आमच्या एकुलत्या एक तपासनीस. तीस वर्षं शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासून इथे आलेल्या. गळ्यात काळ्या दोरीत भिंग, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांना कोणाची झडती घेता येत नसे, कोणाला बोलवून घेता येत नसे. फक्त विचारता येत असे, तेही समोरच्याची मर्जी असेल तर. आमच्या मंडळाचं सगळंच तसं. फार फार तर पेपरला सांगायचं की माफी छापा. नऊ सदस्यांत सहा संपादक, आणि ज्याला पटणार नाही तो पेपर कधीही बाहेर पडायला मोकळा. दात नसलेल्या माणसाने चणे फोडायला बसावं तसला प्रकार.

सिस्टरना बसवायला रिकामी जागा एकच होती, वाहिन्या बघायचं दालन. तिथे बारा पडदे दिवसभर चालू असत आणि त्यांवर नजर ठेवायला दोन बायका असत. कानाला लावायचं यंत्र मात्र एकच. म्हणून एका वाहिनीचं ऐकू येई आणि उरलेल्या अकरा नुसत्या ओठ हलवत. खालचे तीन मजले कधीचेच रिकामे होते, त्यामुळे सगळ्या इमारतीत चिडीचूप. त्या दालनात मी एकटा कधी जात नसे. खोटं कशाला बोलू, भीती वाटायची.

"मी वेडी झाले का हो?" सिस्टरनी विचारलं. अकरा तोंडं त्यांच्या मागे गुपचूप बोलत होती. "गावात प्रत्येकाने वाचलीय ती बातमी. वाण्याने वाचली. माझ्या भावाने मला वाचून दाखवली. आणि इथे कोणीच छापली नाही म्हणतात."

"घरी दुसरा अंक?" भिंगबाईंनी विचारलं.

"आईने चुलीत घातला. मी फक्त कात्रण काढून ठेवलं होतं. खळीने चिकटवून, रजिस्टर करून तुमच्याकडे पाठवलं." त्या हाताकडे बघत राहिल्या. "उद्या सकाळी आठला दवाखान्याची समिती बसणार. तुमचा निकाल दाखवला तर कामावर, नाहीतर घरी. नोकरीचंही जाऊ दे, बाई. तीन महिन्यांत एका आईने माझ्या हातात मूल दिलं नाही. रस्त्यात मला बघून पोरं पदराखाली घेतात."

भिंगबाईंनी रेघी कागद तिरपा धरून भिंग लावलं आणि मला जवळ बोलावलं.

"बघा. कडेला खळीचा पिवळा डाग, जुना. आणि वर डिंकाची चकाकी, नवी. एकाच कागदावर दोनदा चिकटवलंय. सिस्टर, तुम्ही ठार शहाण्या आहात. तुमची बातमी इथून कोणीतरी काढलीय."

सिस्टरनी तोंडावर पदर धरला आणि त्या तिथेच रडायला लागल्या.

"पण मग," भिंगबाई माझ्याकडे वळल्या, "ती बातमी शहरातल्या एकाही अंकात का नाही?"

३

दप्तरखान्याचे अण्णा निवृत्तीला चार महिने उरलेले. किल्ली त्यांच्या कमरेला, आणि कोणी फाइल नेली की सहीसकट नोंद करायची मोठी वही त्यांच्या टेबलावर. आम्ही गेलो तेव्हा ते कपाटांच्या दोन रांगांमध्ये उभे होते, दिवा न लावता.

"मला वाटतं मी बाईचा फोटो बघितला होता," ते आपणहून म्हणाले. "अर्जावर शिक्का मारताना. पण आता डोळे मिटले की बदकंच दिसतात. असं कसं होतं हो, बाई?"

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे. फाइल कोणी नेली होती?"

अण्णांनी वही उघडून फिरवली. त्या फाइलीसमोर एकही सही नव्हती.

"म्हणजे फाइल कपाटातच होती?"

"वहीत ज्यांची नोंद होते, त्यांच्यापैकी कोणी नेली नाही," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सगळं पांढरं. मला तेव्हा वाटलं म्हातारा भित्रा आहे, उगाच शब्द मोजतोय. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती.

भिंगबाईंनी दप्तरातला अंक मागवून त्यातल्या बदकांच्या बातमीचं माप दोऱ्याने घेतलं. मग तेच माप रेघी कागदावरच्या खळीच्या डागाच्या कडांना लावून बघितलं. तसूभरही फरक नाही.

"चोर मापाने कापेल की," मी म्हणालो.

"कापेल. पण ही बातमी कापलेली नाही. मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत पुरी आहे, चारी बाजूंच्या रेघांसकट. छापतानाच ती सिस्टरच्या बातमीएवढी होती. कोणीतरी पानातून एक काढली आणि त्याच भोकात दुसरी बसवली. हे चोराचं काम नाही, हे छापखान्याचं काम आहे. चोराला ते आयतं मिळालं."

मग त्या दप्तरातले जुने अंक उपसायला लागल्या. दहा, वीस, पन्नास. प्रत्येकाच्या वरच्या ओळीवर, तारखेच्या शेजारी, त्यांनी भिंग टेकवलं. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, पण तिथे मोहरीएवढे दोन तारे छापलेले होते. सगळ्या अंकांवर दोन.

"दोन आहेत," भिंगबाई पुटपुटल्या. "मग एका ताऱ्याचा अंक कुठे जातो?"

४

संपादक आपल्या गाडीत बसायच्या बेतात होते. भिंगबाईंनी विनंती केली म्हणून थांबले; तेवढे ते सभ्य होते.

"एक तारा म्हणजे डाक आवृत्ती," ते म्हणाले. "रात्री नवाला छापतो, बाहेरगावच्या गाड्यांवर जाते. पहाटे शहरासाठी पुन्हा छापतो, तिच्यावर दोन तारे. लांबच्या गावची बातमी शहरात कोण वाचणार? ती काढून तेवढ्याच मापाचं काही घालतात. सगळे पेपर करतात."

"म्हणजे सिस्टरच्या गावाने वाचलं ते शहरात छापलंच नाही."

"शक्य आहे. तीन महिन्यांनी कोणाला आठवतंय? डाकेचा अंक आम्ही ठेवत नाही."

"आणि मंडळाला तेरा वर्षं दोन ताऱ्यांचाच अंक पाठवता?"

"नियमात लिहिलंय, रोजचा एक अंक पाठवावा. सकाळी टेबलावर असतो तो पाठवतो."

मला राहवलं नाही. "साहेब, तुम्ही स्वतः मंडळावर बसता! कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत." ते खरंच गोंधळलेले दिसले. मला वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाहीये, आणि तेच जास्त वाईट होतं. तेरा वर्षं आम्ही डोळ्यांत तेल घालून पेपर वाचत होतो, आणि निम्म्या मुलखाने जो पेपर वाचला तो आम्ही कधी बघितलाच नव्हता. पेपरचं काम ज्यांना कळत होतं ते सगळे पेपरवाले होते. उरलेले आम्ही, म्हणजे निवृत्त न्यायाधीश असलेले अध्यक्षसाहेब, एक शाळेच्या पुस्तकांच्या बाई आणि कोर्टातून आलेला मी.

"कात्रण तुम्ही बदललंत का?" भिंगबाईंनी सरळच विचारलं.

"मी कशाला बदलू? हरलो असतो तर चार ओळी माफीच्या. आणि तशी वेळ येणार नाही, हे मी मागच्या आठवड्यातच सांगून टाकलंय."

"काय सांगितलंत?"

"आमच्या पेपरची अशी चव्हाट्यावर छी-थू होणार असेल तर आम्ही चार मोठे पेपर मंडळातून बाहेर पडतो. उरलेल्यांचं चालवा तुम्ही."

"कोणाला सांगितलंत?"

संपादकांनी गाडीचं दार ओढून घेतलं. काच वर गेली आणि गाडी चार हातांवर जाऊन धुक्यात नाहीशी झाली.

५

साडेतीन वाजले होते. भिंगबाई चहाच्या खोलीत गेल्या, किटली उकळायला ठेवली आणि बदकांचं कात्रण वाफेवर धरलं.

"डिंक नवा आहे म्हणजे सुटेल. चोराची एक गंमत असते, तो वरची बाजू सांभाळतो. चिकटवलेली बाजू पुन्हा कोण बघणार, असं त्याला वाटतं."

"पण तुम्हाला मागे काय सापडेल?"

"पान चार. तिथे रोज काय असतं?"

मला ठाऊक होतं. शब्दकोडं.

कात्रण हळूहळू कागदावरून उठलं. भिंगबाईंनी ते चिमट्याने उलटं केलं. मागे कोड्याच्या चौकटी होत्या, निम्म्या भरलेल्या. शाई वाफेने थोडी पसरली होती, तरी रंग कळत होता.

हिरवा.

आमच्या कार्यालयात हिरव्या शाईची दौत एकाच टेबलावर असे, आणि दर सोमवारी ती मीच भरत असे. त्या चौकटींतलं अक्षरही मी तेरा वर्षं रोज बघत होतो, माझ्या टंकलेखनाच्या कडेला, दुरुस्त्यांमध्ये. माझी बायको आजारी असताना तिच्या दवाखान्याच्या खर्चासाठी कोणाला न सांगता धावून आलेला तोच माणूस होता. मी स्टुलावर बसलो.

"अण्णांची वही," भिंगबाई हळूच म्हणाल्या. "त्यांच्या बोलण्याचा अर्थ आता कळला. एकाच माणसाची नोंद तिथे होत नाही."

"कारण वही तपासायचं काम त्यांच्याकडेच आहे," मी म्हणालो.

मागे काहीतरी सरकलं. वळून पाहिलं तर दारात सिस्टर उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक.

६

अध्यक्षसाहेब टेबलामागे बसले होते. दिवा लावला होता तरी धुक्याने खोली राखाडी झाली होती. आम्हाला तिघांना बघून ते किंचित हसले.

"साहेब," भिंगबाईंनी कात्रण पालथं ठेवलं, "त्या दिवशीचं कोडं अर्धंच का राहिलं?"

साहेबांनी कात्रण जवळ ओढलं. "दाराशी कोणी आलं असेल," ते म्हणाले. "आठवत नाही."

"मग जे आठवतं ते मी सांगते, चुकलं तर थांबवा. फाइल तुम्ही घरी नेलीत. इतर अंकांत बातमी काय आलीय म्हणून घरची रद्दी काढलीत. तुमच्या अंकात सिस्टरच्या जागी बदकं निघाली. तेव्हा तुमच्या लक्षात आलं की या शहरात ही बातमी कोणाकडेच नाही. नुसतं कात्रण काढलं असतं तर चोरी झाली म्हणून आरडाओरडा झाला असता. बदकं लावली की चोरीच नाही, बाईच खुळी ठरते."

साहेबांनी त्यांना थांबवलं नाही. खण उघडला आणि एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत सिस्टरची बातमी होती, कडा खळीने पिवळ्या झालेल्या, एक कोपरा काळा.

"काडी लावली होती," ते म्हणाले. "विझवली. जन्मभर पुरावे सांभाळले, हात झाला नाही."

सिस्टरनी ते कात्रण झडप घालून उचललं. स्वतःच्या बदनामीचा कागद, आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "आहे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "आहे. मी म्हटलं होतं ना, आहे."

"का, साहेब?" मी विचारलं.

"तेरा वर्षांत दोनशे अकरा माफ्या छापून घेतल्या आपण. हुकमाने नाही, विनवण्या करून. हे चौघे उठून गेले तर मंडळ महिन्याभरात बंद. मग सरकार आपला माणूस बसवेल, आणि तो बातम्या छापायच्या आधीच वाचायला लागेल. किंवा कोणीच बसणार नाही, मग ज्याला जे हवं ते छापावं." त्यांनी चष्मा काढला. त्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते. "मला वाटलं, एक फाइल. एकच."

"कुंपणाने शेत खाल्लं, साहेब," भिंगबाई म्हणाल्या.

"कुंपण टिकावं म्हणून खाल्लं."

खरं सांगायचं तर साहेबांचं बोलणं मला निम्मं पटलं होतं, आणि ते पटलं म्हणून मला स्वतःची लाज वाटत होती. साहेब सिस्टरकडे वळले. कोणीतरी आपल्याला समजून घ्यावं असं त्यांना वाटत होतं.

"सिस्टर, तुम्हीच सांगा. उद्या हे दार बंद झालं तर तुमच्यासारख्यांनी जायचं कुठे?"

"मी आले होते की, साहेब," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "आठ तास बसमध्ये बसून आले होते. दार उघडंच होतं. आत तुम्ही होतात."

शेजारच्या दालनातून त्या एका वाहिनीचा बारीक आवाज येत होता, शब्द न कळणारा.

"माझी तक्रार कोणाकडे करायची, याचा नियम नाही," साहेब शेवटी म्हणाले. "तो करायचा राहून गेला." मग त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा, सिस्टर."

सिस्टर बसल्या. साहेब उठून टेबलाच्या या बाजूला आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. तेरा वर्षांत त्यांना उभं राहून निकाल देताना मी बघितलं नव्हतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती. मी वही उघडली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "तक्रार मान्य. दैनिकाने पहिल्या पानावर माफी छापावी, डाक आवृत्तीत आधी. सिस्टरना एक प्रत आत्ताच द्यावी, त्यांना सकाळी आठला लागणार आहे." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "दुसरा परिच्छेद. फाइलीतले कात्रण मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः काढले आणि तक्रारदार खोटी ठरावी म्हणून दुसरे लावले."

माझी पेन्सिल थांबली.

"लिहा ना," सिस्टर म्हणाल्या.

मी लिहिलं.